उरवलेल्या गोळ्यांचा डबा

आमच्या घरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुणी संपवत नसे. ताप उतरला, घसा मोकळा झाला, की आई उरलेली पट्टी कात्रीने कापायची आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा मूळचा बिस्किटांचा. झाकणावर घोडागाडीचं चित्र होतं, आता घोड्याचे पायच तेवढे दिसतात. आजारी माणूस उठून बसला, चहा मागू लागला, की आईचा पहिला प्रश्न असायचा, "उरल्या का?"

हे वाचून कुणाला निष्काळजीपणा वाटेल. पण मला ते तसं कधीच वाटलं नाही, आणि आता त्यातलं चुकीचं काय ते शिकले तरी पूर्णपणे तसं वाटत नाही. आपल्या औषधातलं थोडं पुढच्या आजारी माणसासाठी राखून ठेवायचं, अशी ती रीत होती. मी उरवलेल्या गोळ्या बाबांना, बाबांनी उरवलेल्या आत्याला. आई तर स्वतः आजारी पडली की इतक्या लवकर बरी व्हायची, की मला आता शंका येते, तिला खरंच बरं वाटत असे का.

या रीतीचं मूळ बडोद्याजवळच्या डभोई गावात होतं. माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, लग्न होऊन डभोईला गेली. नवी नवी असताना तिला मोठा ताप आला. सासरी म्हणत होते, उतरेल. बाबांना निरोप मिळाला तेव्हा ते स्वतः कुठल्याशा आजारातून उठत होते. त्यांनी आपल्या उरलेल्या गोळ्या खिशात घातल्या आणि बसने डभोई गाठलं. आत्या बरी झाली. ती अजून सांगते, "दादाने स्वतःच्या तोंडातलं औषध काढून मला दिलं." ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की मला ती बस डोळ्यांपुढे दिसते, खरं तर तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तो ताप गोळ्यांनी उतरला की उतरायचाच होता, हे विचारण्याचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. मायक्रोबायोलॉजी घेतलं. हा शब्द घरात कुणालाच नीट म्हणता येत नाही. मलाही पहिल्या वर्षी येत नव्हता. आई शेजारणींना सांगते, "जंतूंचं शिकते." बडोद्यात खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे आणि पुढच्याच खोलीत बाबांचं शिवणाचं दुकान. बाबा बायकांचे ब्लाउज शिवतात. ब्लाउज घ्यायला आलेल्या एक गुजराती मासी एकदा आईला म्हणाल्या, "जंतुओनुं? अरे बाप रे, घरमां तो नथी लावती ने?" मी जंतू घरी आणते की काय, या धास्तीने आईने मला कॉलेजातून आल्यावर अंघोळ करायला लावायला सुरुवात केली. ती अजून चालू आहे.

कॉलेजात पांढरा ॲप्रन लागतो. सगळ्यांनी तयार आणला. बाबांनी तयार आणू दिला नाही. "शिंप्याची पोरगी तयार कपडा घालणार?" म्हणाले, आणि स्वतः शिवला. त्याला आतून एक चोरखिसा आहे, कमरेला दोन चुण्या आहेत, आणि शिवणीत भरपूर कापड दाबलेलं आहे, पुढे मी जाड झाले तर उसवून मोठा करता यावा म्हणून. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठून घेतला?" मला सांगायला थोडी लाज वाटली. पण सांगितलं.

गेल्या खंडेनवमीची ही गोष्ट आहे.

आमचे पूर्वज बडोद्याच्या संस्थानाच्या फौजेत होते. त्यातलं आता काही उरलेलं नाही, एक तलवार तेवढी आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा होते. आमच्याकडे पाटावर तलवार, तिच्या शेजारी बाबांची मोठी कात्री, टेप, खडू आणि मशीनच्या सुया असं सगळं मांडतात. त्या दिवशी आईने माझं कॉलेजचं ओळखपत्रही ठेवलं होतं. मी म्हटलं, "आई, हे शस्त्र आहे का?" ती म्हणाली, "तुझं तेच."

पूजेआधी बाबा चिंच आणि विटेची पूड लावून तलवार घासतात. तिला धार अशी नाहीच, दुधी भोपळाही कापला जाणार नाही. पण मुठीपाशी गंजून एक पातळ पापुद्रा उभा राहिला होता. घासता घासता तो बाबांच्या उजव्या अंगठ्यात घुसला, नखाच्या अगदी कडेला. बाबा अंगठा तोंडात घालून हसत बाहेर आले.

"घ्या. इतक्या पिढ्यांनी तलवारीला रक्त लागलं, ते पण घरच्याचंच."

आईला हसू आलं नाही. तिने हळद दाबली, मग कपाटावरची जंतुनाशकाची बाटली काढली. ते पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं होतं, आणि पाण्यात टाकूनच वापरायचं असतं. पण आईला पाणी घातलेल्या कुठल्याच वस्तूवर विश्वास नाही. तिने ते तसंच जखमेवर ओतलं. बाबा ओरडले.

"जळतंय? जळलं पाहिजे," आई म्हणाली. "जळलं म्हणजे लागू पडलं."

रोज सकाळ-संध्याकाळ ती ओतत राहिली. जखमेच्या कडेची कातडी पांढरी पडली, मग सोलली. मी तिला सांगितलं की हे द्रव जंतूंना ओळखून मारत नाही, समोर येईल त्याची बाहेरची साल फोडतं, त्यात आपली नवी येणारी कातडीही येते, म्हणून पाणी घालून, एकदा धुवायचं आणि थांबायचं. आईने बाबांना विचारलं, "जळतंय ना अजून?" आणि तिने बाटलीचं झाकण पुन्हा उघडलं.

दसरा होऊन दोन-चार दिवस गेले. अंगठा लाल झाला, मग तटतटला. डबा निघाला. आईने त्यात बोट फिरवून एक लाल-काळी आणि एक पिवळी शोधली. पट्टी कापलेली असल्यामुळे नाव कशावरच नसतं, आई रंगावरून ओळखते. लाल-काळी तापाची, पिवळी गळ्याची, लांब पांढरी दाताची.

"आई, पण अंगठ्याची यात कुठली?"

"सूज ती सूज. गळ्याची उतरते, तर हाताची का नाही उतरणार?"

त्या दोन गोळ्यांनी काही झालं नाही. मीच मग बाबांना स्कूटरवर मागे बसवून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हातारे आहेत, गुजराती बोलतात, बाबांनी त्यांच्या मुलीच्या लग्नातले ब्लाउज शिवले आहेत. त्यांनी अंगठा साफ केला, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि कशाने लागलं ते विचारलं, "शुं वाग्युं?"

"तलवार," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. "लडाई क्यां चाले छे?"

बाबांची दिवाळी म्हणजे त्या अंगठ्याची दिवाळी असते. मशीन पायाने चालते, पण ब्लाउजचे हुक, काजं, गळ्याची हातशिलाई, हे सगळं उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत. सुई त्या चिमटीतून जाते. बाबा म्हणतात, कापड डोळ्यांनी नाही कळत, अंगठ्याने कळतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पू नखाखाली, आत सरकला, तर अंगठ्याच्या टोकाची जाणीव जाऊ शकते, हाडापर्यंतही जाऊ शकतो. बाबांना हे मी सांगितलं नाही. आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि देवापुढचा दिवा जरा पुढे सरकवला.

दुकानाच्या खुंटीवर आत्याचं ब्लाउज पीस टांगलेलं होतं, जांभळं, काठाला जर. दर भाऊबीजेला बाबा आत्याला एक ब्लाउज शिवून देतात. ते त्यांनी कापून ठेवलं होतं, नुसते तुकडे, बाही वेगळी, पाठ वेगळी. येता-जाता बाबा त्याच्याकडे बघायचे.

गोळ्या सुरू झाल्यावर अंगठ्याची सूज उतरली. बाबांनी मूठ वळून दाखवली. आणि मी कॉलेजात असताना, अगदी नेहमीसारखं, आईने विचारलं असणार, "उरल्या का?" मला हे नंतर कळलं. पट्टी अर्धी कापून डब्यात गेली. बाबांच्या मनात आत्या होती. दिवाळीत हवा बदलते, ती दर वर्षी खोकत येते.

त्याच आठवड्यात आमच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रयोग होता. काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर जंतू पसरायचे. मग कागदाच्या बारीक गोल चकत्या ठेवायच्या, प्रत्येकीत एकेक अँटिबायोटिक मुरवलेलं. दुसऱ्या दिवशी बशी उघडली की जंतूंची दुधाळ साय सगळीकडे वाढलेली असते, आणि ज्या चकतीचं औषध चालतं तिच्याभोवती स्वच्छ गोल राहतो. माझ्या बशीत एका चकतीभोवती छान मोठं वर्तुळ होतं, आणि दुसरीला जंतू अगदी कडेपर्यंत येऊन भिडले होते, जणू ती तिथे नव्हतीच. हे जंतू कॉलेजचे, शिकवण्यासाठी ठेवलेले, त्यांचा आमच्या घराशी काही संबंध नाही. तरी मला आमचा डबा आठवला. मी मोबाइलवर फोटो काढला.

घरी आले तर बाबा दुकानात मशीनपुढे बसले होते, पण मशीन बंद होती. त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला होता. अंगठा पुन्हा फुगला होता, पहिल्यापेक्षा जास्त, आणि नखाखाली पिवळं दिसत होतं.

"गोळ्या?" मी विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने डब्याकडे पाहिलं.

मी स्कूटरची किल्ली उचलली. रागावता येईल असं त्या दोघांच्या चेहऱ्यांत काही नव्हतं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नखाच्या कडेला छेद देऊन पू काढला, थोडा तपासायला पाठवला आणि औषध बदललं. बाबांचा दुसरा हात मी धरला होता. ते छताकडे बघत पंख्याला किती पाती आहेत ते मोठ्याने मोजत होते. तीनच होती, पण ते पुन्हा पुन्हा मोजत होते.

तपासणीचा निकाल आला. आधीच्या साध्या गोळीला हे जंतू दाद देत नव्हते, नव्या गोळीला देतील असं दिसत होतं. सुरुवातीला उतार पडला तो त्या गोळीने की नुसत्या साफसफाईने, मला सांगता येत नाही. असे जंतू आमच्या डब्यामुळेच झाले असंही मी म्हणणार नाही, ते बाहेरूनही येतात. मी मॅडमना विचारलं, तेव्हा त्यांनीही घाईने हो म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, किती दिवस औषध घ्यायचं हे आजारावर असतं, काही ठिकाणी आता पूर्वीपेक्षा कमी दिवसही पुरतात, पण ते डॉक्टर ठरवतात, घरातल्या डब्याने ठरवायचं नसतं. मला हे ऐकून बरं वाटलं. मला घरी जाऊन दोष द्यायचा नव्हता. मला फक्त नवी पट्टी कात्रीखाली जाऊ द्यायची नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा डाव्या हाताने बशीतून चहा पीत होते, निम्मा सांडत. मी खुंटीवरचा माझा ॲप्रन काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, जंतूला कपडा असतो."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं! आता त्यांची मापं घ्यायला सांगेल."

"खरंच असतो. बाहेरून एक भिंत असते, जाळीसारखी, टाके घालून शिवलेली. जंतूच्या आत पाणी असतं, ते सारखं बाहेर दाबत असतं. तो कपडा घट्ट आहे म्हणून तो फुटत नाही."

"अंगाबरोबर शिवलेला," बाबा म्हणाले.

"हो. पण जंतू वाढतो. मग त्याला कपडा जागोजागी उसवावा लागतो, मध्ये नवं कापड घालावं लागतं, पुन्हा टाके घालावे लागतात. हे सारखं चालू. आपली गोळी जाते आणि टाके घालणाऱ्याचा हात धरून ठेवते. उसवणं चालू, शिवणं बंद."

बाबांनी बशी खाली ठेवली. ॲप्रनची शिवण त्यांनी डाव्या अंगठ्याने चाचपली. "मग तर टरकणार. बसल्या जागी."

"फुटतोच. आणि आपल्या शरीरातल्या पेशींना असला कपडाच नसतो. म्हणून गोळी आपल्याला धरत नाही. आईची बाटली वेगळी. ती तापलेल्या इस्त्रीसारखी आहे. कपडा कुणाचा आहे ते बघत नाही, ठेवला की जाळते. जमीन पुसायला, हात धुवायला ठीक. जखमेवर किती ठेवायची ते जपून."

"माझी बाटली काढू नकोस मध्ये," आई म्हणाली, पण ती दारात येऊन उभी राहिली होती.

मी फोटो दाखवला. चकत्या बघून बाबा म्हणाले, "ही तर बटणं." मग ज्या चकतीला जंतू भिडले होते तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे बटण साव नकामं."

"त्या जंतूंकडे कात्री असते, बाबा. गोळी आली की ते तिलाच कापतात. डॉक्टरांनी तुम्हाला आता दिलेल्या गोळीत दोन औषधं आहेत. एक कात्री पकडून ठेवतं, दुसरं टाके थांबवतं."

"दोन कारागीर लावलेत," बाबा आईला म्हणाले. ते खूश झाले होते. मला वाटलं, पोचलं.

"म्हणून मध्येच थांबायचं नाही," मी म्हणाले. "आणि दुसऱ्याची उरलेली एखाद-दुसरी तर मुळीच नाही. एवढ्याशा औषधाने जे कच्चे असतात ते मरतात, कात्रीवाले राहतात. मग मोकळी जागा त्यांचीच."

बाबांनी डाव्या हाताने ॲप्रनची घडी घातली. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि आत्या आली तर?"

तेव्हा मला कळलं की पोचलं होतं, आणि तरी पुरेसं नव्हतं. त्यांना गोळी कशी चालते हे समजलं होतं. पण उरवायचं नाही, तर बहिणीला काय द्यायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. मला माहीतही नव्हतं.

दिवाळी आली. बाबांनी पट्टी शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. आईच्या कात्रीपासून लांब, असं ते म्हणायचे, पण मला भीती होती ती खिशाचीच. डभोईला गोळ्या गेल्या त्या खिशातूनच गेल्या होत्या. अंगठ्याची सूज उतरत होती, नख काळं पडलं होतं. टोकाला काही कळत नाही, असं ते एकदा आईला म्हणाले. मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. दुकानाला अर्धी फळी लावलेली होती, बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जांभळे तुकडे खुंटीवरच होते.

भाऊबीजेला आत्या आली, खोकतच आली. आवाज बसलेला, नाक लाल. दारातूनच म्हणाली, "दादा, तुझ्या अंगठ्याचं मी ऐकलं. तलवारबाजी या वयात?"

"तू आधी नाक पूस, डभोईवाली."

ओवाळणी झाली. आत्याने ताटातलं श्रीखंड नुसतं चिवडलं. मग ती आईकडे वळली, आणि ज्या सहजतेने मीठ मागावं तसं म्हणाली, "वहिनी, डब्यात बघ ना काही. अंग पण तापलंय. ती पिवळी असेल तर दे."

आई उठली नाही. डबा रिकामा होता. आदल्याच आठवड्यात तिने सगळं एका पिशवीत घालून मला दिलं होतं. "तुमच्या कॉलेजात नीट टाकतात ना? कचऱ्यात टाकू नकोस, गाय खाईल." मॅडमनी ती पिशवी ठेवून घेतली होती. आईने हे आत्याला सांगितलं नाही. ती नुसती म्हणाली, "नाही गं काही."

"काहीच नाही? तुझ्या डब्यात?" आत्याला खरंच आश्चर्य वाटलं. मग तिचं लक्ष बाबांच्या खिशाकडे गेलं. चंदेरी कड दिसत होती. "दादाकडे आहेत की. दे रे दोन. तुझ्या हातची मला लागू पडते, तुला माहीत आहे."

बाबांचा हात खिशाकडे गेला. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. मला बोलायचं होतं, कात्री, टाके, सगळं. पण समोर त्यांची बहीण होती आणि मध्ये ती डभोईची बस होती, आणि त्या दोघांच्या मध्ये माझं पुस्तक घेऊन उभं राहणं मला जमेना.

बाबांनी पट्टी काढली. डाव्या हाताने, अवघडत, एक गोळी दाबून बाहेर काढली. तळहातावर घेतली. आत्याने हात पुढे केला. बाबांनी गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि तिच्याच पेल्यातलं पाणी प्यायले.

आत्या बघतच राहिली. "एवढा कंजूस कधीपासून झालास रे?"

बाबा उठले. "चल. चप्पल घाल."

"कुठे?"

"डॉक्टरांकडे. मी येतो ना बरोबर. तेव्हा तुला घेऊन जायला पाहिजे होतं, मी गोळ्या घेऊन आलो."

आत्याचा चेहरा बदलला. ती काही बोलणार होती, पण तिला खोकला आला, आणि मग ती उठली. स्कूटरवर तिघं मावणार नव्हतो, म्हणून रिक्षा केली. मीही गेले. सणाचा दिवस, पण डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घराखालीच आहे. त्यांनी आत्याचा घसा पाहिला, छाती ऐकली, ताप पाहिला. मग म्हणाले की साधी सर्दी आहे, विषाणूची, यात अँटिबायोटिक काही कामाचं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, भरपूर पाणी, ताप वाढला तरच तापाची साधी गोळी. श्वास लागला किंवा ताप राहिलाच तर परत या. बाबांचा अंगठाही त्यांनी पट्टी सोडून पाहिला आणि नुसतं "सरस" म्हणाले.

परतताना रिक्षात आत्या फार नाराज होती. "एवढं सणाचं गेलो, आणि मीठ-पाणी? मीठ काय माझ्या घरी नाही?"

बाबा म्हणाले, "अगं, तुझ्या जंतूला कपडेच नाहीत."

"काय?"

"नागडा आहे तो. माझी गोळी काय उसवणार त्याचं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "याला तापात पण असंच बरळायची सवय आहे." मला इतकं हसू आलं की बोलता येईना. खरं तर विषाणू आणि जंतू यांत फरक आहे, आणि काही विषाणूंना एक पातळ वेष्टन असतं, पण गोळी जो टाक्यांचा कपडा शोधते तो नसतोच. बाबांचं वाक्य परीक्षेत लिहिता येणार नाही. चुकीचं मात्र ते फारसं नाही.

आत्या दोन दिवस राहिली. या वेळी बाबा तिला वाफ घ्यायला बसवत होते, डोक्यावरून दुकानातलं अस्तराचं कापड घालून. ती आतून शिव्या देत होती, ते बाहेरून "अजून, अजून" म्हणत होते. तिला डब्यातून काही मिळालं नाही, पण इतका वेळ बहीण-भाऊ एकत्र बसलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. ती गेली तेव्हा बरोबर ब्लाउज नव्हता. असं पहिल्यांदाच झालं. बसमध्ये चढताना म्हणाली, "अंगठा नीट होऊ दे आधी. मी जुनं घालते."

त्यानंतर बाबांनी पट्टी संपवली. शेवटची गोळी घेतल्यावर त्यांनी रिकामी पट्टी आईपुढे धरली आणि म्हणाले, "उरल्या नाहीत." आईने ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. आमच्या घरात अशी रिकामी पट्टी तिने कधी पाहिली नव्हती. टाकायला तिला थोडं जड गेलं असं मला वाटलं.

पुढे एके दिवशी आत्याचा फोन आला. "माझा खोकला गेला हो. तुमच्या डॉक्टरने काही दिलं नाही, आपोआपच गेला." मी म्हटलं, "हो आत्या."

अंगठ्याचं काळं नख गळून पडलं आणि खालून नवं, वाकडं, पातळ नख येऊ लागलं. मी कॉलेजातून आले, अंघोळीला जायच्या आधी दुकानात डोकावले. बाबांनी जांभळे तुकडे खुंटीवरून काढले होते. पाठ, बाह्या, गळा मशीनवर जोडून झाला होता, हुक राहिले होते. त्यांनी सुई घेतली, पण दोरा ओवला नाही. सुईचं टोक अंगठ्याच्या टोकाला हलकेच लावलं. मग जरा जोरात. मी दारात उभी राहिले. आत जावं की नाही ते कळेना.

"बाबा?"

त्यांनी वर पाहिलं नाही. पुन्हा एकदा टोचून पाहिलं, या वेळी नखाच्या कडेला, जिथे छेद दिला होता.

"टोचतंय," ते म्हणाले. मग जिभेने दोरा ओला करून सुई उजेडाकडे धरली. "ए जंतूवाली, जा, अंघोळ कर. तुझी आई ओरडेल."